पाटीलबावा दिल्लीत : महादजी शिंदे यांची कारकीर्द

बुराडी हे नाव आज दिल्लीत बसच्या पाटीवर वाचायला मिळते. मराठ्यांच्या इतिहासात ते बुराडी घाट म्हणून येते. 10 जानेवारी 1760 रोजी यमुनेच्या त्या उतारावर दत्ताजी शिंदे अब्दालीच्या फौजेशी लढताना पडले. वर्षभराने, 14 जानेवारी 1761 रोजी, पानिपतावर तुकोजी शिंदे पडले आणि जनकोजी शत्रूच्या हाती लागून मारले गेले. जयाप्पा शिंद्यांचा तर 1755 मध्येच नागोरला दगाफटक्याने खून झाला होता. कर्त्या पुरुषांपैकी महादजी तेवढे उरले, तेही एका पायाने जन्माचे अधू होऊन.

याच महादजींनी पुढे दिल्लीच्या बादशाहीचा सगळा कारभार हाती घेतला. आपल्या मुलांना पानिपत ठाऊक असते, पण पानिपतानंतरची महादजींची तेहतीस वर्षे फारशी ठाऊक नसतात. लष्करी शाळेत तीच वर्षे अधिक बारकाईने वाचायला हवीत असे मला वाटते, म्हणून या मराठी पानासाठी त्यांचे चरित्र निवडले आहे.

पानिपतातून सुटका

पानिपतावर फळी फुटल्यावर महादजी घोड्यावरून दक्षिणेकडे निघाले. एका अफगाण स्वाराने बराच वेळ पाठलाग करून त्यांना गाठले, पायावर घाव घातला, अंगावरचे होते ते काढून घेतले आणि मेले असे समजून तिथेच सोडून दिले. पखालीतून पाणी वाहणाऱ्या राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना पाहिले, आपल्या बैलावर घातले आणि सुखरूप दक्षिणेकडे नेले. महादजींनी त्याला जन्मभर भाऊ मानले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे पुढचे आहे. राणेखानाला नुसते इनाम देऊन त्यांनी वाटेला लावले नाही. त्याच्या अंगी सेनानायकाचे गुण आहेत हे ओळखून त्याला फौजेची जबाबदारी दिली. हा राणेखान पुढे याच लेखात लाल किल्ल्यात शिरताना दिसेल.

महादजी राणोजी शिंद्यांचे पुत्र खरे, पण औरस नव्हते. त्यामुळे सरदारी त्यांना सहज मिळाली नाही. घराण्यातले दुसरे हक्कदार होते, पुण्यातले राजकारण होते. अखेर थोरल्या माधवराव पेशव्यांनी 1768 मध्ये त्यांचा अधिकार मान्य केला. त्यानंतर तीनच वर्षांत, 1771 मध्ये, मराठ्यांनी दिल्ली पुन्हा ताब्यात घेतली. इंग्रजांच्या आश्रयाने अलाहाबादेत राहणारा बादशहा शाह आलम मराठ्यांच्या भरवशावर निघाला आणि 6 जानेवारी 1772 रोजी त्याने दिल्लीत प्रवेश केला. पानिपताला अजून अकरा वर्षेही पुरी झाली नव्हती.

वडगाव ते सालबाई

पुढची दहा वर्षे इंग्रजांशी गाठ होती. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर राघोबादादा इंग्रजांना जाऊन मिळाले. त्यांना गादीवर बसवण्यासाठी मुंबईहून निघालेली इंग्रज फौज बोरघाट चढून तळेगावपर्यंत आली. महादजींनी आणि इतर मराठी सरदारांनी समोरासमोरची मोठी लढाई न देता तिची रसद तोडली, वाटेतला चारा-धान्य नाहीसे केले आणि माघारी फिरणाऱ्या फौजेला वडगावजवळ कोंडले. जानेवारी 1779 मध्ये इंग्रजांनी तह पत्करला. ही लढाई मराठ्यांच्या जुन्या पद्धतीची होती आणि ती उत्तम जमली.

पण मुंबईकरांचा तह इंग्रजांच्या वरिष्ठांनी मानला नाही. ऑगस्ट 1780 मध्ये पॉपमच्या तुकडीने रात्री दोर आणि शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. अजिंक्य म्हणून नाव असलेला गड एका रात्रीत गेला. पुढच्या वर्षी कॅमकच्या फौजेने सिप्रीच्या बाजूला महादजींच्या तळावर रात्रीच हल्ला करून त्यांचे नुकसान केले. कवायती पायदळ रात्री, शिस्तीत, आवाज न करता किती अंतर कापू शकते हे महादजींनी स्वतः सोसून पाहिले. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी कशा लढल्या, तेही त्यांच्या डोळ्यांसमोर घडले होते.

17 मे 1782 रोजी सालबाईचा तह झाला. इंग्रज आणि पेशवे यांच्यात मध्यस्थ होते महादजी, आणि तह पाळला जाईल याची हमीही त्यांचीच होती. ज्यांच्याशी लढायचे त्यांच्याशीच बोलणी करण्याचे कसब इथे दिसते. पुण्याचा एक सरदार आता कलकत्त्याच्या दृष्टीने स्वतंत्र वजनाचा माणूस झाला.

बादशहाचा कारभारी

दिल्लीत मिर्झा नजफखान 1782 मध्ये वारला आणि त्याच्या हाताखालचे सरदार एकमेकांच्या जिवावर उठले. 1783 मध्ये मिर्झा शफीचा खून झाला, 1784 मध्ये अफ्रासियाबखानाचा. बादशहाकडे ना पैसा होता ना भरवशाची फौज. त्याने महादजींना बोलावले. 1784 च्या अखेरीस पेशव्यांच्या नावाने वकील-इ-मुतलक हे पद देण्यात आले आणि महादजी त्या पदाचे नायब झाले. वजिराचे आणि मीरबक्षीचे, म्हणजे मुलकी आणि लष्करी, दोन्ही अधिकार या एका पदात आले. आजच्या भाषेत सांगायचे तर पंतप्रधान, अर्थमंत्री आणि संरक्षणमंत्री एकच.

वर्गात हे सांगितले की मुलांना वाटते, झाले, दिल्ली जिंकली. मी त्यांना खजिन्याकडे पाहायला सांगतो. बादशहाच्या कुटुंबाचा खर्च चालवायचा, मोगल पलटणींचा थकलेला पगार द्यायचा, आपल्या फौजेचे भागवायचे, आणि वसूल मात्र कागदावर. अमिरांनी जहागिरी बळकावल्या होत्या, रजपूत राजांकडे वर्षानुवर्षांची खंडणी थकली होती. पद चालवायचे तर पैसा हवा, पैसा हवा तर जहागिरींची चौकशी हवी. चौकशी सुरू होताच जुने अमीर शत्रू झाले. जयपूरकडे थकबाकी मागितली तेव्हा जयपूर आणि जोधपूर एक झाले.

त्याच वर्षी, 1784 मध्ये, महादजींनी बन्वा द बॉइन्य या सावॉय प्रांतातल्या माणसाला नोकरीत घेतले. तो आधी फ्रान्सच्या आणि रशियाच्या सैन्यात होता. मराठी कागदांत त्याचे नाव डिबॉइन असे येते. त्याने सुमारे साडेआठशे शिपायांची एक, अशा दोन पलटणी उभ्या केल्या. एवढ्या मोठ्या राज्याच्या मानाने ही फार लहान सुरुवात होती.

लालसोट

जुलै 1787 मध्ये जयपूरजवळ लालसोटच्या परिसरात, तुंगा गावापाशी लढाई झाली. मोगल सरदार मुहम्मद बेग हमदानी ऐन वेळी रजपुतांना जाऊन मिळाला होता. तो तोफेच्या गोळ्याने ठार झाला. राठोडांच्या घोडदळाने जोराचा हल्ला केला आणि तो डिबॉइनच्या नव्या पलटणींनी झेलला. दिवस संपला तेव्हा कोणीच जिंकले नव्हते.

महादजींचे खरे नुकसान पुढच्या दोन-तीन दिवसांत झाले. त्यांच्या बाजूच्या मोगल पलटणी पगार थकल्यामुळे आधीच धुमसत होत्या. त्या तोफांसह उठून इस्माइल बेगाकडे निघून गेल्या. शत्रूच्या मुलखात, निम्मे सैन्य फितूर झालेले, धान्य महाग, आणि सामान-सुमान, बाजारबुणगे यांचे लटांबर बरोबर. अशा वेळी पानिपतासारखी पळापळ होणे सहज शक्य होते. महादजींनी माघारीचा क्रम ठरवला, जड सामान आधी काढले, मागची बाजू तोफा आणि विश्वासू पलटणींनी राखली आणि फौज डीगच्या बाजूला सुखरूप आणली. विजयाच्या हकिकती सगळेच वाचतात. माझा आग्रह आहे की या माघारीचा नकाशा प्रत्येक कॅडेटने एकदा स्वतः काढावा.

तरीही परिणाम व्हायचा तो झालाच. महादजींना चंबळेपर्यंत मागे हटावे लागले, दिल्ली हातची गेली. आग्र्याचा किल्ला मात्र लखबादादा लाड यांनी इस्माइल बेगाच्या वेढ्यात महिनोन् महिने झुंजवत ठेवला. जून 1788 मध्ये राणेखानाने आग्र्याजवळ इस्माइल बेगाचा पराभव केला तेव्हा वेढा उठला.

दिल्लीवरचा काळा काळ

जुलै 1788 मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिर दिल्लीत शिरला. शहरात असलेली थोडीशी मराठी तुकडी टिकू शकली नाही आणि किल्ल्यातल्या नाजिरानेच बादशहाचा घात केला. गुलाम कादिराने खजिन्यासाठी लाल किल्ल्याच्या भिंती आणि जमिनी खणल्या, राजघराण्यातल्या बायका-मुलांना उपाशी ठेवले, आणि 10 ऑगस्ट रोजी शाह आलमचे डोळे काढले.

या वेळी महादजी मथुरेला होते. मथुरा ते दिल्ली काही फार लांब नाही. पैसा नव्हता, पुण्याहून मागितलेली कुमक पोचली नव्हती, अपुऱ्या फौजेनिशी पुन्हा एक लालसोट नको होते, ही सगळी कारणे खरी आहेत. बादशहाने स्वतःही अनेकदा दोन्हीकडे पाय ठेवले होते. तरी मला इथे महादजींची बाजू पूर्णपणे घेता येत नाही. ज्याचे रक्षण करण्याचे पद स्वीकारले, त्याच्यावर असा प्रसंग आला आणि रक्षक काही मजलांवर थांबलेला होता. जबाबदारी घेताना आपल्याजवळ काय आहे, याचा हिशेब आधी करायचा असतो. नंतर दिलेली कारणे कितीही खरी असली, तरी शाह आलमचे डोळे परत येत नाहीत.

ऑक्टोबर 1788 मध्ये राणेखान फौजेसह लाल किल्ल्यात शिरला. पानिपतावरून एका जखमी तरुणाला बैलावर घालून नेणारा भिस्ती सत्तावीस वर्षांनी हिंदुस्थानच्या बादशहाला सोडवायला आला होता. उपाशी राजपरिवाराला त्याने आधी अन्न पुरवले. आंधळ्या शाह आलमला पुन्हा तख्तावर बसवण्यात आले. गुलाम कादिर मेरठच्या गढीत जाऊन बसला, डिसेंबरात रात्रीच्या अंधारात तिथून निसटला आणि पकडला गेला. पुढे 1789 मध्ये त्याला अत्यंत क्रूर रीतीने मारण्यात आले. त्या काळाचा तो रिवाज होता, पण त्याची भलावण करण्याचे कारण नाही.

कंपू

महादजींनी लालसोटचा अर्थ बरोबर लावला. तिथे शिपायांचे शौर्य कमी पडले नव्हते. पगार थकला म्हणून फौज फुटली होती, आणि कवायती पायदळ फार थोडे होते. म्हणून 1790 मध्ये त्यांनी डिबॉइनला दोन पलटणींऐवजी पुरी ब्रिगेड उभी करायला सांगितले. मराठीत या फौजेला कंपू म्हणत. पुढे एकाचे तीन कंपू झाले.

या फौजेचे बळ मला तिच्या हिशेबाच्या वह्यांत दिसते. दोआबातले परगणे कंपूच्या खर्चासाठी तोडून दिले गेले, म्हणजे शिपायाचा पगार दरबारच्या मर्जीवर अवलंबून राहिला नाही. अलीगढ, म्हणजे तेव्हाचे कोईल, हे मुख्य ठाणे झाले. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉट माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या. जखमी शिपायाला मदत आणि अपंग झालेल्याला निवृत्तिवेतन देण्याची सोय झाली. त्या काळी आपल्याकडे ही गोष्ट विरळाच होती. शिपाई बहुतेक अवध आणि दोआबातले होते. पगार वेळेवर मिळतो आणि जखमी झालो तर कोणी विचारतो, हे कळल्यावर माणसे रांगेत टिकतात.

20 जून 1790 रोजी पाटण येथे याच फौजेने इस्माइल बेग आणि रजपूत यांचा पराभव केला. 10 सप्टेंबर रोजी मेडत्याला राठोडांच्या घोडदळाने जिवावर उदार होऊन हल्ला केला. डिबॉइनने पलटणींची चौकोनी रचना करून चारही बाजूंना बंदुका रोखल्या आणि ते वादळ परतवले. लालसोटनंतर तीन वर्षांत तीच माणसे, तोच प्रदेश, पण निकाल उलटा.

1792 च्या उन्हाळ्यात महादजी पुण्याला आले. बादशहाने पेशव्यांना दिलेली वस्त्रे आणि फर्माने मोठ्या समारंभाने सवाई माधवरावांना अर्पण करण्यात आली. उत्तरेत बादशहाचे नायब असलेले महादजी पुण्यात स्वतःला साधा पाटील म्हणवून घेत, म्हणूनच त्यांना पाटीलबावा म्हणत. नम्रता खरी किती आणि राजकारण किती, यावर इतिहासकार वाद घालतात. मला दोन्हीही खरी वाटतात. उत्तरेतल्या मोहिमांच्या खर्चाचा हिशेब मात्र नाना फडणविसांशी सहजी मिटेना. इकडे जून 1793 मध्ये लाखेरीला डिबॉइनच्या कंपूने तुकोजी होळकरांची फौज मोडली. मराठ्यांची उत्तम पलटण मराठ्यांवरच चालली, ही त्या यशाची किंमत.

12 फेब्रुवारी 1794 रोजी पुण्याजवळ वानवडीला महादजी वारले. तिथे शिंद्यांची छत्री आहे. सुटीत पुण्याला जाणाऱ्यांनी ती जरूर पाहावी. मोहिमांच्या धबडग्यात त्यांनी भक्तिपर कविताही रचल्या, आणि बीडच्या मन्सूरशहा या मुसलमान साधूवर त्यांची श्रद्धा होती.

नोएडातला स्तंभ

महादजींच्या मागे त्यांचे दत्तकपुत्र दौलतराव गादीवर आले. फौज होती, तोफा होत्या, अलीगढचा किल्ला होता. डिबॉइन युरोपात परत गेला आणि त्याच्या जागी पेराँ आला. 1803 मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपले. इंग्रजांनी जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना आपल्याकडे बोलावले आणि त्यांतले अनेक निघून गेले. 4 सप्टेंबरला अलीगढ पडले, तेव्हा हल्ला करणाऱ्यांना वाट दाखवणारा ल्यूकन हा शिंद्यांचीच नोकरी सोडून गेलेला अधिकारी होता. पेराँनेही इंग्रजांचा आश्रय घेतला. 11 सप्टेंबरला पटपडगंजजवळ लेकने बूर्कँच्या हाताखालच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. त्या लढाईचा स्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये उभा आहे.

तरी 1 नोव्हेंबरला लासवाडीला याच कंपूंचे शिपाई, वरचे बहुतेक युरोपीय अधिकारी सोडून गेलेले असताना, तोफांपाशी उभे राहून मरेपर्यंत लढले. शिपाई टिकले, पण त्यांच्या वरच्या जागा रिकाम्या होत्या.

महादजींच्या मोठ्या कामात एक उणीव राहिली ती हीच. त्यांनी पगार दिला, तोफा ओतल्या, भिस्त्याला सेनानी केले. पण पलटणींचे अधिकारी आपल्याच माणसांतून तयार करणारी शाळा उभी केली नाही. तुलनेसाठी प्रशिया पाहा. 1806 मध्ये येनाच्या रणांगणावर नेपोलियनने प्रशियाची फौज धुळीला मिळवली. त्यानंतर शार्नहोर्स्ट या सेनाधिकाऱ्याने युद्धखात्याचा कारभार हाती घेतला. सैन्य लहान झाले होते, पैसा नव्हता. तरी 1810 मध्ये बर्लिनला अधिकाऱ्यांची युद्धशाळा उघडली. तो स्वतः 1813 मध्ये जखमेने वारला, पण शाळा राहिली. पुढे 1859 पासून युद्धमंत्री झालेल्या रून या दुसऱ्या सेनाधिकाऱ्याने सैन्याची नवी बांधणी केली, तेव्हा शिकलेले अधिकारी त्याला घरातच मिळाले. महादजींना पराभवातून शिकण्याची बुद्धी शार्नहोर्स्टइतकीच होती. पण त्यांची फौज त्यांच्या माणसपारखीवर उभी होती, आणि ती पारख दौलतरावांना वारशाने मिळाली नाही.

हिंदी मुलांना अधिकारी होण्याआधीचे शिक्षण देणारे डेहराडूनचे विद्यालय 1922 मध्ये सुरू झाले, तिथलीच लष्करी अकादमी 1932 मध्ये, आणि 1955 पासून प्रबोधिनी खडकवासल्याला आहे. वानवडीच्या छत्रीपासून ती एका सकाळच्या प्रवासावर आहे. आपली शाळा याच रांगेतली एक धाकटी. इथे सकाळी सहाला मैदानावर धावणारी मुले पुढे ज्या जागा भरणार आहेत, त्याच जागा 1803 मध्ये पटपडगंजला आणि लासवाडीला रिकाम्या होत्या. पालकांनी शाळेच्या भेटीला येताना नोएडाच्या त्या स्तंभाची हकिकत मुलांना एकदा जरूर सांगावी. त्यावर इंग्रजांच्या विजयाची नोंद आहे. आपल्या बाजूची नोंद आपणच ठेवायची आहे.